उघड्या डोळ्यांची प्रार्थना

प्रार्थना करताना मार्थाबाई डोळे मिटत नसत. रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब "आपण प्रार्थना करू या" म्हणाले की सगळी मंडळी माना खाली घालायची, आणि तिसऱ्या बाकावर मार्थाबाई ताठ बसून समोर बघत राहायच्या. मला हे माहीत होतं, म्हणजे माझेही डोळे उघडे असायचे हे ओघानं आलंच. लहानपणी एकदा आमची नजरानजर झाली, तेव्हा त्यांनी मलाच खुणेनं दटावलं. उपासना सुटल्यावर मी त्यांना दारात गाठलं आणि विचारलं, "मग तुम्ही का नाही मिटत?"

"माझं येगळं हाय," बाई म्हणाल्या. "सारी उमर बाळंतपणाच्या खोलीत गेली. तिथं प्रार्थना तर करावीच लागती. पण मी डोळे मिटले अन् पोर हातातून निसटलं, तर देव मलाच इचारील की, कुठं बघत व्हतीस?"

बाई निवृत्त नर्स. छावणी भागात दोन खोल्यांत एकट्याच राहायच्या. आमच्या मंडळीतली निम्मी माणसं त्यांच्या हातांवर जन्मली होती, त्यामुळे कुणालाही काहीही बोलण्याचा हक्क त्यांना आपोआप मिळाला होता. मलाही त्या चारचौघांत ऐकवायच्या, "पायाळू आलीस तू. अजून तशीच उलटी चालायलीस." पाळकसाहेबही त्यातून सुटत नसत. उपदेश संपल्यावर दारात हात मिळवताना सगळे "छान झालं, साहेब" म्हणायचे. बाई म्हणायच्या, "सलाम, साहेब. बोललात चांगलं, पण मला कळंना." हे "मला कळंना" त्यांच्या तोंडी कायमचं बसलेलं होतं. सुरुवातीला मला वाटायचं, बाईंना खरंच कमी समजतं. ज्या गोष्टीपुढे आपण घाईघाईनं मान डोलावतो, तिथे बाई थांबतात, हे लक्षात यायला बरीच वर्षं गेली.

लग्नानंतर सुधीरनं आणि मी बीड बायपासच्या पलीकडे फ्लॅट घेतला. तिकडे इमारती आधी आल्या आणि पाणी मागून येणार होतं. ते काही आलं नाही. दुष्काळाची वर्षं होती. जायकवाडी तळाला गेलं होतं, आणि कॉलनीतल्या बायकांचा सगळा दिवस टँकरच्या हॉर्नकडे कान लावून जायचा. त्यातच मला मूल होत नव्हतं. आमच्या प्रार्थनासभेत आपापली विनंती मोठ्यानं सांगायची पद्धत आहे. त्यामुळे कुणाची शुगर वाढली, कुणाचा मुलगा वाळूजच्या कंपनीतून घरी बसला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दर बुधवारी माझ्या सासूबाई उभ्या राहून माझ्या कुशीसाठी प्रार्थना मागायच्या आणि मी तिथेच सतरंजीवर बसलेली असायचे. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं व्हायचं. एकट्या मार्थाबाईंनी माझ्यासाठी मोठ्यानं कधी प्रार्थना केली नाही. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "डॉक्टरला दाखवलं का? दोघांनीबी?"

आम्ही टेस्ट-ट्यूब बेबीचे उपचार सुरू केले ते सासूबाईंना न सांगता. पोटात रोज इंजेक्शन घ्यावं लागायचं, ते बाई द्यायच्या. मी शिकवायचे ती शाळा सुटली की मी छावणीत जायची. बाई स्पिरिटचा बोळा फिरवायच्या, सुई उजेडाकडे धरायच्या आणि थांबायच्या.

"हात माझा हाय, निर्णय तुमचा. अन् देव यातल्या कुठल्या बाजूला बसलाय, ते मला कळंना."

"मग देऊ नका, बाई."

"देते की! कळंना म्हणून काय कुणाला दाराबाहेर उभं करायचं व्हय?" आणि सुई टोचलेली कळायचीही नाही.

कुणाला तरी विचारावं म्हणून मी विचारत सुटले आणि गोंधळ आणखी वाढवून घेतला. माझी मावसबहीण कॅथलिक घरात दिलेली. ती म्हणाली, "आमचे फादर सांगतात, मूल नवरा-बायकोच्या जवळिकीतूनच यावं, काचेच्या बशीतून नाही. आणि उरलेल्या जिवांचं काय करणार?" आमचे तरुण पाळकसाहेब म्हणाले, "डॉक्टरची विद्यासुद्धा देवाचंच दान आहे. बीज नवरा-बायकोचंच असेल तर मला गैर वाटत नाही." आणि वर म्हणाले, "फक्त काही उरू देऊ नका." हे मी डॉक्टरांना सांगितलं, तर ते हसले. किती उरतील हे आपल्या हातात नसतं म्हणाले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "फादरचं खरं वाटतं. साहेबांचंबी खरं वाटतं. आता आली का पंचाईत!"

चार भ्रूण तयार झाले. दोन माझ्या पोटात ठेवले, त्यातलं एक रुजलं. उरलेले दोन गोठवून ठेवले. लेक झाली, पण बाळंतपणात माझं ब्लडप्रेशर असं चढलं की मी थोडक्यात वाचले. पुन्हा गरोदर राहायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं. म्हणजे ते दोन माझेच, पण माझ्या पोटात त्यांना आता जागा नव्हती. ते जिथे गोठवून ठेवले होते त्या उपचार केंद्रातून दर वर्षी फोन यायचा की, ठेवायचे का बंद करायचे? दुसऱ्या जोडप्याला देण्याचंही एकदा निघालं होतं, पण त्या विचारानंच मला झोप लागेना. सुधीर म्हणायचा, "शोभना, टिंबाएवढं आहे गं ते. किती जीव लावशील?" त्याचं पटायचं. लेक कुशीत आली की पटेनासं व्हायचं. तीही टिंबाएवढीच होती की.

बाईंना त्या दोघांची भारी काळजी. एकदा विचारलं, "त्यांना पाणी लागतं का गं?"

"नाही, बाई. नायट्रोजनमध्ये असतात."

"बरं हाय. आपल्या नळाच्या भरवशावर नायत."

आम्ही दोघी हसलो आणि मग दोघींनाही कसंतरीच झालं.

त्या वर्षी कापणीच्या सणाला कापणीच नव्हती. एरवी लोक शेतातलं पहिलं पीक चर्चमध्ये आणून ठेवतात आणि मग तिथेच त्याचा लिलाव होतो. त्या वर्षी बहुतेकांनी शहागंजातून भाजी विकत आणून ठेवली होती. बाईंनी टँकरच्या पाण्यानं भरलेली कळशी आणून वेदीपुढे ठेवली. लिलावात सगळ्यांत चढी बोली तिलाच लागली. सगळे हसतखेळत होते. उपकारस्तुतीची प्रार्थना वडीलधाऱ्या म्हणून बाईंना करायला सांगितली. सगळ्यांनी डोळे मिटले. बाई उभ्या राहिल्या आणि ज्याच्याकडे नजर जाईल त्याचं नाव घेऊन देवाचे उपकार मानू लागल्या. नजर फिरत फिरत माझ्यावर आली.

"अन् बापा, शोभनाची तिन्ही लेकरं तुझ्या हातात हायत. एक मांडीवर, दोन बर्फात."

प्रार्थना चालू असताना एवढे डोळे एकदम उघडलेले मी आयुष्यात पाहिले नव्हते.

घरी पोचेपर्यंत सासूबाईंनी सुधीरकडून सगळं काढून घेतलं. त्या ओरडल्या नाहीत. खुर्चीत बसून एवढंच म्हणाल्या, "प्रार्थनेनं दिली म्हणून मी गावभर सांगत फिरले. देवासमोर मला खोटं पाडलंत." त्यानंतर त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. नातीला मात्र खाली ठेवत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी तणतणत छावणीत गेले. "बाई, सगळ्यांपुढे बोलायची काय गरज होती? आणि लेकरं म्हणे! तुम्हीच तर म्हणता, तुम्हाला कळत नाही."

"नायच कळत. पण प्रार्थनेत ठरवून बोलता येत नाय, पोरी. जे दिसलं ते तोंडून निघालं." त्या बराच वेळ हातातल्या रुमालाच्या घड्या घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "चुकलं माझं. रातभर तेच डोक्यात हाय. तीन कसं म्हणाले मी? चौथं इसरलेच की."

रुजलं नाही त्याचा विचार मी कधी केलाच नव्हता. त्याच्यासाठी कुणी रडलं नव्हतं. फादरनी आणि पाळकसाहेबांनी उरलेल्यांचं सांगितलं होतं, पण गेलेल्याचा शब्दही कुणी काढला नव्हता. भांडायला गेलेली मी बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडले. बाईंनी समजूत घातली नाही. त्या म्हणाल्या, "खोलीत मेलेलं पोर जन्मलं ना, की फरशी धुवायच्या आधी मी त्याला पांढऱ्या कपड्यात गुंडाळायची अन् घडीभर हातात धरून उभी राहायची. आईला इचारायची, नाव काय ठेवणार व्हतीस? डॉक्टर रागवायचे. पण कुणीतरी बघितलं पायजे ना त्याच्याकडं."

"ते दोन बंद करायचे ठरले, तर तुम्ही याल?"

"येईन की. पण जन्माची प्रार्थना म्हणू का मातीची, ते कळंना. नायच कळलं, तर नुसती उभी राहीन."

या एका शब्दावर मी दोन वर्षं काढली. ठरवलं नव्हतं, पण ठरवताना कुणीतरी शेजारी उभं असेल एवढं नक्की होतं.

बाई उन्हाळ्यात गेल्या. हृदय थकलं होतं. मी शेवटची भेटले तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या, आवाज पार खोल गेला होता. त्या दोघांचं काय करू, हे मी पुन्हा विचारलं. माणूस एवढं आजारी असताना विचारू नये, पण विचारलं. बाई हसल्या. "अजून कळंना. तिकडं गेल्यावर इचारते. पण सांगायला कशी येऊ, ते सांग!"

त्यांना माती दिली तेव्हा कबरस्तानात उभं राहायला जागा उरली नव्हती. त्यांच्या हातांवर जन्मलेली माणसं फाटकाबाहेरपर्यंत उभी होती. महिन्याभरात केंद्रातून फोन आला. ठेवायचे का बंद करायचे? सुधीर माझ्याकडे बघत होता. शेजारी उभं राहणारं माणूस आता नव्हतं. मी म्हटलं, "या वर्षी ठेवा." बरोबर की चूक, तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही.

त्या संध्याकाळी घरच्या प्रार्थनेला सासूबाई बसल्या. फोनवरचं बोलणं त्यांनी ऐकलं असावं. नातीला मांडीवर घेऊन, डोळे मिटून त्यांनी नेहमीची प्रार्थना म्हटली. मग थोडं अडखळून, बऱ्याच दिवसांनी माझं नाव घेतलं. "शोभनाच्या तिन्ही लेकरांना सांभाळ, प्रभू."

माझ्या तोंडून निघून गेलं, "चार."

सासूबाई थांबल्या. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. माझे उघडेच होते.