आक्काचं नाक

खरबुजाच्या हंगामात आक्काचं नाक म्हणजे शेवटचा शब्द. फळाच्या देठाशी नाक लावायचं, एक श्वास घ्यायचा आणि सांगायचं, "तोड," नाहीतर, "राहू दे, झोपलंय अजून." त्यावर मालकसुद्धा ब्र काढत नसे. नवरा गेल्यावर तोडणीची टोळी तिनं एकटीनं सांभाळली होती. तोंड असं, की तिच्या वाटेला जायची कुणाची टाप नव्हती.

यंदा साथ आली, रस्ते बंद झाले आणि टोळी लांब कुठंतरी अडकून पडली. फळ काही पिकायचं थांबेना. मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. मग आक्का गावभर फिरली आणि ज्यांचे धंदे बसले होते त्यांना गोळा करून आणलं: एक शिंपी, बँड वाजवणारे दोघे भाऊ, हॉटेलात भांडी घासणारी एक बाई. शिंप्याची म्हातारी आई दारात आडवी उभी राहिली. एकुलता एक लेक तिचा. आक्का म्हणाली, "जसा नेते तसा आणून देईन. शब्द माझा." तेव्हा शब्द देताना तिला काही जड गेलं नाही.

सगळ्यांची सोय शेतातल्या शेडमध्येच केली. खाटा लांब लांब, तोंडाला फडकी, ज्याचा त्याचा पेला वेगळा. कुणाचं फडकं घसरलं की आक्का ओरडायची, "नाक काय शोभेला ठेवलंय?" तिचं स्वतःचं फडकं मात्र दिवसभर गळ्यात. वास घ्यायचा म्हणजे दुसरं काय करणार? माल न्यायला येणारा ट्रकवाला फळ हुंगून तिच्याच हातात परत द्यायचा. शिंपी तर शिकायला उतावीळ. तिनं हुंगलेलं फळ घेऊन, फडकं खाली ओढून, तोही तिथंच नाक लावायचा.

"आलं का ध्यानात?"

"आलं, आक्का."

यात काही चुकतंय, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

एका सकाळी तिनं एकामागून एक फळं नाकारली. "कच्ची आहेत. आज तोडणी नाही."

थोरला बँडवाला हसला. "थट्टा करता का, आक्का? सगळं शेत घमघमतंय."

तिनं आणखी एक उचललं. मग पंपाजवळचा डिझेलचा डबा उघडून नाकाशी धरला. काहीच नाही.

ती तडक बांधापलीकडच्या पंपाच्या खोलीत जाऊन बसली आणि काय झालंय ते तिथूनच ओरडून सांगितलं. डॉक्टरांकडे निरोप गेला. तोवर फळ पारखायला शिंपीच उरला.

तिला स्वतःची भीती नव्हती. म्हातारीचा दारातला चेहरा काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. रोज सकाळी ती खिडकीशी उभी राहायची. शिंपी पहिलं फळ उचलायचा, हुंगायचा आणि हाक द्यायचा, "येतोय वास, आक्का!" मग तिचा जीव भांड्यात पडायचा. दुपार कलली की घोर पुन्हा सुरू.

एके दिवशी हाक जरा उशिरा आली.

"येतोय, आक्का! घमघमाट नुसता!"

तिला दिसावं म्हणून त्यानं फळ उंच धरलं. आक्कानं डोळे बारीक करून पाहिलं. हिरवंगार, कच्चं फळ होतं. त्याला वास कुठला असायला?

तिनं कडी काढून दार उघडलं.

"ठेव ते खाली," ती म्हणाली. "आणि इकडे ये, बाळा. आता माझ्याजवळ आलास तरी चालेल."