कंपायलर उतरून राह्यलाय

केमिस्ट्रीवाल्यांच्या किश्शांत काहीतरी फुटतं, झूलॉजीवाल्यांच्या किश्शांत काहीतरी पळतं. आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ना फुटतं, ना पळतं. आम्ही नुसते वाट बघत बसतो. आणि वाट बघणाऱ्या माणसांकडे किस्से आपोआप साठत जातात, पंख्याच्या पात्यावर धूळ साठते तसे. भोकरदनच्या आमच्या कॉलेजात मी बारा वर्षं ‘सी’ ही भाषा शिकवतोय. त्यातली निम्मी स्क्रीनवर सरकणारी टक्केवारी बघण्यातच गेली असावीत.

यंदा ठरलं की लॅबच्या अठरा मशीनवरची जुनी सिस्टीम काढून लिनक्स टाकायचं. मी आणि लॅब असिस्टंट शफीकभाई, दोघांनी चार दिवस घातले. पाचव्या दिवशी सेकंड इयरच्या मुलामुलींनी प्रोग्राम लिहिले आणि ते चालवायची कमांड दिली. अठराही स्क्रीनवर एकच उत्तर: अशी कमांड सापडली नाही.

आपण लिहिलेलं मशीनच्या भाषेत बदलून देतो तो कंपायलर. या ताज्या सिस्टीममध्ये तो नव्हताच, वेगळा टाकावा लागणार होता. हे मला माहीत होतं. चार दिवसांच्या नादात विसरलो होतो.

विभागप्रमुख कांबळे मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. “सगळं झालं म्हणला होतात ना?”

शफीकभाई म्हणाले, “सगळं बराबर झालंय मॅडम. ज्याच्यासाठी केलं, तेवढंच राह्यलंय.”

*

कंपायलर नेटवरून घ्यायचा, तर कॉलेजची केबल रस्त्याच्या खोदकामात तुटलेली. शफीकभाईंच्या मोबाइलला रेंज यायची ती फक्त खिडकीच्या वरच्या झडपेपाशी. ते स्टुलावर चढले, फोन वर धरून उभे राहिले. मी खाली पहिल्या मशीनवर. साठ टक्क्यांवर त्यांचा हात भरून आला, त्यांनी हात बदलला आणि डाउनलोड तुटलं. पुन्हा पहिल्यापासून.

तेवढ्यात प्राचार्य राउंडला आले.

“शफीक, वर चढून काय करून राह्यलात?”

“सर, कंपायलर उतरून राह्यलाय.”

प्राचार्यांनी छताकडे बघितलं. मागच्या पावसाळ्यात तिथूनच पाणी उतरलं होतं.

“मंग खाली बादली लावा ना,” म्हणाले आणि पुढे गेले.

*

पासवर्डचं तर रोज होतं. लिनक्सच्या काळ्या खिडकीत पासवर्ड टाईप करताना काहीच दिसत नाही. अक्षर नाही, ठिपका नाही. आत सगळं नोंदलं जात असतं, बाहेर शांतता.

मी दोन दिवस रजेवर होतो. परत आलो तर टेबलावर तीन कीबोर्ड एकावर एक ठेवलेले, वर चिठ्ठी: ‘बंद पडलेले’. चौथा कांबळे मॅडमच्या समोर होता आणि त्या एकेक बटण दाबून वाकून स्क्रीन बघत होत्या.

मी म्हणालो, “मॅडम, टाईप करा आणि एंटर मारा. दिसणार नाही, पण होतंय.”

त्यांनी एंटर मारलं. झालं.

मॅडमनी चौथा कीबोर्ड जागेवर सरकवला. मग म्हणाल्या, “वीस वर्षं नोकरीत हेच करून राह्यले मी.”

*

मशीन नंबर नऊच्या आतली छोटी बॅटरी संपली होती. रोज सकाळी ते चालू केलं की कॅलेंडर कैक वर्षं मागे जायचं. कंपायलर मागितला की उत्तर यायचं, ही फाईल अजून लागू झालेली नाही. म्हणजे मशीनच्या हिशोबाने आम्ही भविष्यातली वस्तू मागत होतो.

शफीकभाईंनी वाकून तारीख वाचली. “सर, या सालात मी इथं नवीनच लागलो होतो. टेम्पररी.”

मी तारीख दुरुस्त केली, आजची टाकली.

“आज पण टेम्पररीच आहे म्हणा,” ते म्हणाले आणि फडकं घेऊन दहा नंबरचं मशीन पुसायला लागले.

*

कॉलेजच्या कार्यालयातही एक मशीन लिनक्सवर नेलं. तिथले क्लार्क खरात, अतिशय सरळ माणूस. त्यांना प्रिंटर जोडायचा होता. स्क्रीनवर आलं, यासाठी प्रशासकाची परवानगी आवश्यक आहे.

दुसऱ्या दिवशी खरात लॅबमध्ये आले. हातात प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचं पत्र. ‘विषय: प्रिंटर जोडण्यास परवानगी मिळणेबाबत.’ खाली ‘परवानगी देण्यात येत आहे’.

“घ्या सर,” म्हणाले, “आता तर जोडंल?”

मी त्यांच्यासोबत गेलो, पासवर्ड टाकला, प्रिंटर जोडला. पासवर्ड दिसत नसल्यामुळे खरातांची आजही खात्री आहे की पत्रानेच काम झालं. ते पत्र त्यांनी फाईलला लावून ठेवलंय.

*

आता वैशाली म्हस्केचं सांगतो.

वैशाली तिशीतली, दोन लेकरांची आई, जवळच्या खेड्यातून बसने यायची. ‘सी’च्या प्रॅक्टिकलमध्ये दोनदा राहिलेली आणि ही शेवटची संधी. या वेळी गेलं असतं तर पदवीच गेली असती.

परीक्षेच्या दिवशी सकाळी नेमकी तिच्याच मशीनची डिस्क गेली. शफीकभाईंनी दुसरी लावून लिनक्स नव्याने टाकलं, पण कंपायलर बसायला वेळ होता. बाकी सतरा मशीनवर सतरा जण बसलेले. जालन्याहून आलेल्या परीक्षकांना परतीची बस गाठायची होती. ते म्हणाले, “थांबू नका. कागदावर लिहा. पेननं. खाडाखोड केली तर मार्क कापीन.”

वैशालीने लिहिलं. परीक्षकांनी कागद हातात घेतला. “आउटपुट काय येईल?”

“येणार न्हाई सर. सातव्या ओळीवर एरर येईल. ओळीच्या शेवटचा सेमीकोलन राह्यलाय.”

“मग टाकायचा ना.”

“लिहून झाल्यावर दिसला. तुम्ही खाडाखोड करू नका म्हणलात.”

“आणि टाकला असता तर?”

ती कागदाकडे न बघताच म्हणाली, “तीन ओळी यायला पाहिजेत, पण चार येतील. लूप शून्यापासून चालू केलाय अन् तीनपर्यंत नेलाय, म्हणजे चार फेऱ्या. तिथंबी चुकले मी.”

स्वतःच्या दोन्ही चुका तिने स्वतःच सांगून टाकल्या होत्या.

तेवढ्यात शफीकभाई म्हणाले, “बसला सर कंपायलर.”

परीक्षक म्हणाले, “कागदावर आहे तस्संच टाईप करा.” तिने केलं. एरर आली, ओळ सातवी. त्यांनी स्वतः पुढे होऊन सेमीकोलन टाकला आणि प्रोग्राम चालवला. ओळी मोजल्या. चार.

त्यांनी घड्याळ बघितलं. बस गेली होती. मग रकान्यात मार्क लिहिले आणि कागद सहीसाठी माझ्याकडे सरकवला. पास व्हायला लागतात त्याच्या बरेच वर होते. मी सही केली.

पेनाला टोपण लावत त्यांनी विचारलं, “घरी कोणतं मशीन आहे तुमच्याकडं?”

“मशीन न्हाई सर,” वैशाली म्हणाली. “वही हाय.”