पॉइंट अठ्ठेचाळीस

भाट्ये गावची सानिका भाटकर भांडखोर आहे, असं कॉलेजात कोणी म्हणणार नाही. ती आवाज चढवत नाही. फक्त जागची हलत नाही, आणि समोरच्याला त्याचाच जास्त त्रास होतो.

ॲनालॉग आणि डिजिटल कम्युनिकेशनचं तिसरं प्रॅक्टिकल. किटवर रेडिओसारखी लाट तयार करायची, पडद्यावर तिची सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान उंची मोजायची, आणि आवाजाने त्या लाटेला कितपत हलवलंय त्याचा आकडा काढायचा. आकडा सगळ्यांना पाठच होता : पॉइंट बासष्ट. तो मोजून नव्हे, वारशाने मिळायचा. सीनियरची जर्नल आणायची, उतरवायची, पुढच्या बॅचच्या हवाली करायची. सानिकाने मात्र मोजलं. पॉइंट अठ्ठेचाळीस आलं.

सलिल सरांनी जर्नल परत सरकवली. "बासष्ट कर, सही करतो."

"सर, माझं अठ्ठेचाळीस आलंय."

"चाळीस जणांचं बासष्ट आलंय."

"आलं नाही सर. उतरवलंय."

सही नाही तर टर्म नाही, टर्म नाही तर परीक्षा नाही, आणि अख्खं वर्ष फुकट. तिच्या बेंचवरचा हर्षद कळवळला. "अगो, एका आकड्यासाठी? माझं खोडरबर घे."

"शाईने लिहिलंय."

घरी वडील जाळं सांधत बसले होते. हरिश्चंद्र भाटकर दर हंगामाला खाडीच्या तोंडाशी बांबू बुडवून पाणी मोजतात, कारण तिथली वाळू कधी एका जागी राहत नाही. ते मान वर न करता म्हणाले, "बाय, गेल्या वर्साचं पाणी धरून होडी घातली, तर वाळूत बसंल. सरांना म्हणावं, परत मोजा."

दुसऱ्या दिवशी सरांनी मोजलं. अठ्ठेचाळीस.

"आज व्होल्टेज कमी असेल."

"मग उद्या येते, सर."

ती चार दिवस आली. सरांनी वायरी बदलल्या, प्लग बदलला, चष्मा दोनदा पुसला. आकडा तिच्यासारखाच ठाण मांडून बसला होता. चौथ्या दिवशी लॅब सांभाळणारे आत्माराम स्टुलावरून सावकाश बोलले, "सर, ते बासष्टवालं किट आठ वर्षांपूर्वीच जळलं. माळ्यावर टाकलंय मी. हे नवीन आहे."

"आणि हे आज सांगताय?"

"मोजायला कोणी आलंच नाही ना इतक्या वर्षांत. सांगणार कोणाला?"

सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि अठ्ठेचाळीसच्या खाली सही केली. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या ढिगाकडे गेली. चाळीस जर्नल्स, चाळीस बासष्ट, आणि प्रत्येकाखाली त्यांचीच सही.

"आता यांचं काय करू मी?"

सानिकाने आपली जर्नल दप्तरात घातली. हर्षद दाराबाहेरून डोकावत होता. तिने पायाने दुसरं स्टूल किटसमोर ढकललं.

"बोलवा ना सर एकेकाला. हा पहिला आलाच आहे."