विन्कोची वाट बर्फाखाली

विन्को स्कुबिनला मी तीस वर्षं ओळखतो, आणि या तीस वर्षांत त्याच्याविषयीचं माझं मत एकदाही सुधारलेलं नाही. तशी संधीच त्याने मला दिली नाही.

गावामागच्या डोंगरावर जाणारी वाट आमच्या डोंगरमंडळाने बावीस वर्षांपूर्वी त्याच्या हवाली केली. हवाली म्हणजे काय, तर दर वसंतात रंगाचे डबे घेऊन वर जायचं आणि वाट दाखवणारे, भोवती लाल कडं असलेले पांढरे ठिपके पुन्हा रंगवायचे. आमच्या स्लोव्हेनियात हे काम लोक फुकट करतात. विन्कोने ते फुकट केलं, पण मोबदला मानात वसूल केला. एप्रिलपासून जूनपर्यंत तो बोटांवरचा लाल रंग धूत नसे. चर्चमध्ये प्रसादासाठी हात असा पुढे करायचा, की पाद्रीबाबांनी आधी विचारपूस करावी.

ठिपक्यांबद्दल लोकांची तक्रार एकच, पण जुनी. सगळे ठिपके जमिनीलगतच्या दगडांवर. झाडावर एक म्हणून नाही. विचारलं तर म्हणायचा, झाड पडतं, दगड पडत नाही. एवढा विचार करणारा माणूस गावात राहतो कशाला, असं वाटावं. खरी गोष्ट अशी, की हे महाशय घडीची तिपाई घेऊन जात आणि बसल्या जागी हात पोचेल तिथे रंगवत.

यंदा मंडळाच्या अध्यक्ष झोफियाबाईंनी जाहीर केलं, की नोव्हेंबरातली शेवटची चढाई विन्कोच्या वाटेने होईल, आणि वाट त्याच्याकडे ठेवायची की वनखात्यातल्या नेझाला द्यायची, ते वरच्या कोचात, म्हणजे गिर्यारोहकांच्या विश्रामघरात, जेवताना सांगू. वाट गेली, की विन्को नुसता पेन्शनर. आणि पेन्शनर आमच्या गावात पैशाला पासरी.

निघालो चौघे: झोफियाबाई, नेझा, विन्को आणि मी. शिवाय दोन कुत्रे. विन्कोचा रिस, वासराएवढा, आणि माझी पिका, पाय आखूड आणि मतं ठाम. पहाटे वीतभर बर्फ पडला होता. पिकाकडे बघून विन्को म्हणाला, "ही वर येणार? खिशात घाल तिला." अध्यक्षबाईंना मात्र त्याने अदबीने सांगितलं, की तुम्ही काळजी करू नका, ही वाट मला झोपेतसुद्धा सापडते.

जागेपणी नाही सापडली. बीच झाडांचं रान संपलं, धुकं उतरलं आणि समोर नुसता पांढरा उतार. विन्को छाती काढून पुढे चालला. अर्ध्या तासाने आम्ही शिकाऱ्यांच्या एका मचाणापाशी आलो. आणखी अर्ध्या तासाने पुन्हा त्याच मचाणापाशी आलो. आता तिथे चार माणसांची पावलं होती, आमचीच.

हजार मीटरच्या वर आमच्यात कोणी कोणाला 'तुम्ही' म्हणत नाही, त्यामुळे नेझाचं काम सोपं झालं. "विन्को, तुझे ठिपके कुठायत?"

"जागच्या जागी आहेत."

"म्हणजे कुठे?"

"बर्फाखाली." हे त्याने असं सांगितलं, जणू चूक बर्फाची होती.

झोफियाबाईंनी घड्याळ पाहिलं, आणि विन्कोचा चेहरा बर्फापेक्षा पांढरा झाला. परत फिरलो असतो, तर कोचात निकाल सांगायचीही गरज उरली नसती.

तेवढ्यात रिस डावीकडच्या एका उंचवट्याशी थांबला. पंजांनी बर्फ उकरला, आणि लाल कडं उघडं पडलं. मग तो खाली बसून विन्कोकडे बघू लागला. विन्कोने त्याला घाईघाईने पुढे ढकललं. पन्नास पावलांवर दुसरा दगड, तिथेही तेच. "शिकवलंय मी त्याला," विन्को म्हणाला. "दोन वर्षं लागली." माझं मत सुधारण्याच्या अगदी बेतात आलं होतं.

पाचव्या ठिपक्यावर मात्र रिस हलेना. भुंकला, उठला, विन्कोच्या कोटाच्या खिशात नाक खुपसलं आणि हातभर सॉसेज बाहेर ओढलं. मग सगळा उलगडा झाला. दर ठिपक्याला विन्को तिपाई टाकणार, रंग वाळेपर्यंत सॉसेज खाणार आणि शेवटचा तुकडा कुत्र्याला देणार. बावीस वर्षांची निःस्वार्थ सेवा ती हीच. कुत्र्याला वाट कोणी शिकवलीच नव्हती. त्याला खानावळींचे पत्ते पाठ होते.

झोफियाबाई म्हणाल्या, "दे त्याला तुकडा, विन्को. आपल्याला वर पोचायचंय."

पुढचे एकोणतीस ठिपके आम्ही असे चढलो. सॉसेज बाविसाव्याला संपलं. मग माझं चीज गेलं, मग नेझाची भाकरी. पिकाही उकरायला शिकली होती, त्यामुळे हिस्से दोन झाले होते.

कोचात आंबट कोबी-राजम्याचा गरम वाडगा पुढ्यात आला, तसा झोफियाबाईंनी निकाल दिला. "वाट नेझाला देता येईल, पण कुत्रा देता येणार नाही. तेव्हा एक वर्ष ब्रश तुझ्याकडे. रानात दर दगडाजवळच्या झाडावर आणि वर उघड्यावर खांब रोवून त्यावर ठिपका काढायचा. माझ्या डोळ्यांच्या उंचीवर. उभं राहून." झोफियाबाई सहा फूट उंच आहेत. विन्को त्यांच्या खांद्याला लागतो.

एखाद्याचे डोळे भरून आले असते. निदान घास तरी थांबला असता. विन्कोने वाडगा चाटूनपुसून संपवला, मिशा पुसल्या आणि विचारलं, "शिडी मंडळ देणार ना?"