फाइलीत नसलेला कागद

कमलाकररावांच्या हातून कधी कागद हरवत नाही, हे सोलापुरात निदान त्यांच्या शाळेपुरतं तरी सगळ्यांना माहीत होतं. चौतीस वर्षं ते तिथे कारकून होते. पोरं, मास्तर, शिपाई, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. कधीकाळी शाळा सोडून गेलेला एखादा टक्कल पडलेला माणूस जन्मतारखेचा दाखला मागायला यायचा आणि भाऊसाहेब चहा निवायच्या आत जुन्या रजिस्टरचं नेमकं पान उघडून त्याच्यापुढे धरायचे. "भाऊसाहेबांच्या टेबलावर वाऱ्याला बी परवानगी काढावी लागती की ओ," असं शिवशरण शिपाई म्हणायचा. ही थट्टा आहे हे त्यांना कळायचं, आणि आवडायचंही. माणसाला कशाचा तरी अभिमान लागतोच. त्यांनी कागदांचा बाळगला होता.

त्यामुळे लेक देवयानी पहिल्या बाळंतपणाला पुण्याहून माहेरी आली, तेव्हा तिची फाइल आपोआप त्यांच्या ताब्यात गेली. निळी फाइल, आत सगळे कागद तारखेनुसार, पहिल्या पानावर स्वतःच्या वळणदार अक्षरात अनुक्रमणिका. जावई अनीश पुण्यात नोकरीला, म्हणून लॅबमध्ये मोबाइल नंबरही यांचाच दिलेला. डॉक्टर मॅडम फाइल उघडून हसल्या होत्या. "काका, आमच्याकडे येता का कामाला?" त्या दिवशी घरी येऊन त्यांनी हे बायकोला, रुक्मिणीला, तीनदा सांगितलं.

मॅडमची एक पद्धत होती. छत्तीस आठवडे पुरे झाले की प्रत्येक बाईची एक साधी तपासणी. कापसाच्या काडीवर नमुना घ्यायचा आणि लॅबला पाठवायचा. देवयानीचाही पाठवला. गुरुवारी संध्याकाळी कमलाकरराव रिपोर्ट आणायला गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, हा डॉक्टरांना नक्की दाखवा हं." लॅबच्या पायरीवरच त्यांनी पाकीट उघडलं. नमुना शरीराच्या कुठल्या जागेचा ते स्पष्ट छापलेलं होतं. त्याखाली लिहिलं होतं, ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस आढळला.

पोटच्या पोरीच्या नावापुढे त्या जागेचं नाव वाचूनच त्यांचे कान तापले. त्यात जंतू! तिथले जंतू म्हणजे कुणाकडून तरी आलेले, एवढंच त्यांना ठाऊक. मग कुणाकडून? जावयाकडून? की... पुढचा विचार त्यांनी स्वतःला करूच दिला नाही. मोबाइलवर शोधता आलं असतं, पण तो शब्द बोटांनी टाइप करायचीसुद्धा त्यांना लाज वाटली. बायकोला विचारावं, तर ती देवयानीला सांगणार. देवयानीला विचारावं, तर बापानं लेकीला हे विचारायचं कसं? अहो, विचारायचं सरळ! पण चौतीस वर्षं गावाच्या जन्मतारखा सांभाळणाऱ्या माणसाला जन्माबद्दल चार शब्द बोलता येत नव्हते, ही खरी गोष्ट आहे.

आणि शनिवारी विहीणबाई येणार होत्या. इंद्रायणीबाई, करमाळ्याच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. लग्न ठरवताना त्यांनी देवयानीच्या दहावीपासूनच्या गुणपत्रिका चष्मा पुसून पुसून वाचल्या होत्या. आता नवव्या महिन्याची ओटी भरायला आल्या की फाइल मागणार, यात शंका नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत कमलाकररावांनी शुक्रवारी तो कागद फाइलीतून काढला आणि कपाटात वीजबिलांच्या खाली ठेवला. अनुक्रमणिकेतली ओळ खोडली नाही. लिहिलीच नव्हती. सोमवारी आपण एकटेच जाऊन मॅडमना दाखवू, औषध लिहून घेऊ, कुणाला कळायलाही नको, असा बेत त्यांनी केला.

"बाबा, रिपोर्ट आला का?" देवयानीनं विचारलं होतं.

"आला. मी बघतो सगळं. तू नको काळजी करू."

तिनं काळजी केली नाही. कागदांची काळजी बाबांकडे, हे ती पहिलीत असल्यापासून चालत आलं होतं.

शनिवारी ओटी झाली. सोबत आलेला अनीश लॅपटॉप घेऊन सोलापुरातच राहिला. इंद्रायणीबाईंनी जेवण झाल्या झाल्या फाइल मागितली आणि पान न् पान वाचली. "शेवटच्या तपासणीचा रिपोर्ट नाही यात?" त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"यायचाय अजून," कमलाकरराव म्हणाले. बाई काय दोष काढायला बसल्यात, असं त्यांच्या मनात आलं.

सोमवारी ते खरंच निघाले होते. कागद खिशात घातला होता, पायात चपला होत्या. तेवढ्यात शेजारचा कल्लप्पा गच्चीवरून ओरडला, "भाऊसाहेब, पानी आलं की ओ! कुटं निगालाव?" पहाटे यायचं पाणी त्या दिवशी दहाला आलं. पाच दिवसांनी आलेलं पाणी सोडून सोलापूरकर कुठे जात नाही. मोटार लावा, टाकी भरा, पिंपं भरा, हंडे भरा. घरात आता बाळंतीण असणार, पाणी जास्तच लागणार. सगळं भरेपर्यंत एक वाजला, दवाखाना बंद झाला. उद्या जाऊ, असं म्हणून त्यांनी कागद पुन्हा वीजबिलांखाली सरकवला.

मंगळवारी सकाळी दहाला देवयानीचं पाणी गेलं. सदतीस आठवडे पुरे झाले होते, घाबरण्यासारखं काही नव्हतं. मॅडम मात्र एका लग्नासाठी परगावी गेलेल्या. दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता, चांगला, शांत मुलगा. त्यानं देवयानीला विचारलं, "ताई, शेवटच्या आठवड्यातल्या तपासणीत काय आलं?" ती कळ सोसत म्हणाली, "बाबांकडे आहे फाइल."

डॉक्टर फाइल चाळत बाहेर आला. "काका, यात शेवटचा रिपोर्ट दिसत नाही."

कमलाकररावांच्या एका बाजूला अनीश उभा होता, दुसऱ्या बाजूला रुक्मिणी. सांगायला एक क्षण पुरला असता. पण त्यांनी मनात हिशेब केला: जंतू आईला आहेत, बाळाचा काय संबंध? आज बाळंत होऊ दे, मॅडम आल्या की आईला औषध देऊ. आणि ते म्हणाले, "नॉर्मल होता. कागद घरी राहिला."

इतकी नीटनेटकी फाइल ठेवणारा माणूस बोलतोय म्हटल्यावर डॉक्टरनं विश्वास ठेवला. पेन काढून 'नॉर्मल' असं लिहूनही टाकलं. तोंडी माहितीवर कमलाकररावांनी जन्मात कुणाला दाखला दिला नव्हता. त्या दिवशी त्यांच्या तोंडी माहितीवर त्यांच्याच नातवंडाचं भविष्य लिहिलं गेलं.

संध्याकाळी सातला मुलगी झाली. अडीच किलो, काळ्याभोर जावळाची. करमाळ्याहून इंद्रायणीबाई येऊन पोचल्या होत्या. त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि त्याच्या छातीवर हात ठेवून बसल्या. कमलाकररावांनी दवाखान्यात पेढे वाटले. कागद त्यांच्या डोक्यातून पार गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ अंगावर पिईना. रुक्मिणी म्हणाली, दमलं असेल. सातच्या सुमाराला नर्स टेम्परेचर बघायला आली आणि तिथेच थबकली. "आजी, हे बाळ लई कण्हतंय ओ. कधीपास्नं?" प्रत्येक श्वासाला बारीक हुंकार येत होता, बरगड्यांखाली खड्डा पडत होता, ओठांभोवती निळसर झाक. नऊच्या आत बाळ दुसऱ्या, मुलांच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. ओली बाळंतीण इकडे, बाळ तिकडे.

तिथल्या बालरोगतज्ज्ञ बाई बाहेर आल्या. "बाळाच्या रक्तात जंतू गेलेत असं वाटतंय. औषधं सुरू केलीत. आईला काही इन्फेक्शन होतं का? शेवटच्या आठवड्यात काही तपासणी?"

"नॉर्मल होती," अनीश लगेच म्हणाला. "बाबांनी सांगितलं काल."

आता गप्प बसलो तरी कुणाला कळणार नाही, हे कमलाकररावांना त्या क्षणी दिसलं. भित्र्या माणसाला पळवाट फार लवकर दिसते. पण काचेपलीकडे तो हुंकार चालूच होता.

"नव्हती," ते म्हणाले. "नव्हती नॉर्मल. मी खोटं बोललो. कागद घरी आहे, आणतो."

रिक्षानं घरी जाऊन ते तो कागद घेऊन आले. बालरोगतज्ज्ञ बाईंनी तो वाचला आणि श्वास सोडला. "बरं झालं आणलात. कुठल्या जंतूशी गाठ आहे ते तरी कळलं."

"बाई, हा... हा रोग कुणाकडून..."

"रोग नाही हो काका हा. कितीतरी बायकांच्या अंगात हा जंतू नुसता राहतो. येतो, जातो, आईला काही होत नाही. कुणाचं वागणं नाही त्यात, कुणाची चूक नाही. बाळंत होताना बाळाला लागू शकतो, एवढंच. म्हणून कळा सुरू झाल्या की आईला शिरेतून पेनिसिलीन देतात. चार तास आधी दिलं की धोका बहुतेक टळतो."

सकाळी दहा ते संध्याकाळी सात. नऊ तास होते. कमलाकररावांनी बोटांवर मोजले नाहीत, मोजायची गरज नव्हती. साधं पेनिसिलीन, कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणारं. ते भिंतीला टेकून खाली बसले आणि पोरासारखे रडले.

अनीश उठून जिन्यापाशी जाऊन उभा राहिला.

दुपारी बाळाला झटका आला. पाठीतलं पाणी काढून तपासलं. जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोचले होते. एकवीस दिवस इंजेक्शनं, आणि पुढचं पुढे, असं बाईंनी सांगितलं.

त्या संध्याकाळी कमलाकररावांनी तो कागद फाइलीत त्याच्या तारखेच्या जागी लावला, अनुक्रमणिकेत ओळ लिहिली आणि फाइल इंद्रायणीबाईंच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून वाचला.

"हा शनिवारी यात नव्हता."

"मी काढला होता. तुम्ही वाचाल म्हणून."

बाईंनी फाइल मिटली. आता त्या बोलतील ते ऐकून घ्यायचं, म्हणून कमलाकरराव खाली मान घालून उभे राहिले. पण बाई ओरडल्या नाहीत.

"अनीशच्या आधी मला एक मुलगा झाला होता," त्या म्हणाल्या. "असाच कण्हायचा. दुसऱ्या दिवशी गेला. सासरी म्हणाले दृष्ट लागली, कुणी म्हणालं माझ्या दुधातच दोष. काय झालं होतं ते लिहिलेला एक चिटोराही मला कुणी दिला नाही, भाऊसाहेब. म्हणून मी देवयानीची फाइल पान न् पान वाचत होते. दोष काढायला नव्हते बसले मी." त्यांनी चष्मा काढला. "मला दाखवायचा होता हो तो कागद. मीच तिला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं असतं."

बाईंनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कमलाकररावांना वाटलं.

बाळ वाचलं. बाविसाव्या दिवशी घरी सोडलं, तेव्हा ते रडलं आणि सगळ्यांना ते रडणं गोड वाटलं. पण मोठा आवाज झाला तरी ते दचकत नव्हतं. कानांची तपासणी तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी. मान कधी धरतंय, नजर कुठे लावतंय, सगळ्यावर लक्ष ठेवायचं, असं बालरोगतज्ज्ञ बाईंनी सांगितलं. खात्रीचं त्या काही बोलल्या नाहीत.

देवयानीला कमलाकररावांनी स्वतःच सगळं सांगितलं होतं, चौथ्या दिवशी, तिच्या खाटेशेजारी बसून. तिनं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतरही ती बाबांशी बोलायची. जेवलात का, गोळी घेतलीत का, असं. त्यांनी तेवढ्यावर समाधान मानलं होतं.

घरी जायच्या वेळी रिक्षा दारात उभी राहिली. रुक्मिणी बाळाला घेऊन आत बसली. डिस्चार्जचे कागद काउंटरवरून घेऊन कमलाकरराव आले. सवयीनं त्यांनी ते तारखेनुसार लावले, फाइलीत नीट बसवले, कडा जुळवल्या आणि फाइल काखेत धरली.

देवयानीनं हात पुढे केला.

"द्या बाबा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "फाइल आता माझ्याकडे राहू दे."

त्यांनी ती दिली. मग दोन्ही हात रिकामे घेऊन ते रिक्षात ड्रायव्हरशेजारी बसले.