निळी पॉपी आणि आईचा भुंगेरा

पर्वत पाटिया या वस्तीतल्या आमच्या घरी आई साड्यांवर डायमंड चिकटवते. डायमंड म्हणजे चमकीचे खडे, पण सुरतेत त्यांना खडे कोण म्हणतंय! दिवाळीपासून ते वाकडे बसायला लागले. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. आईला ऑपरेशनची धडकी भरली आणि तिचं एकच पालुपद सुरू झालं, "माले बराबर दिसस." शेवटी मी म्हटलं, चल, आधी उत्तराखंडातली फुलांची दरी बघून येऊ, तिथे तरी मन वळेल.

जुलैत निघालो. सुरतहून हरिद्वारला रेल्वे, पुढे गोविंदघाटपर्यंत बस. भित्र्या माणसाला दरीकडची खिडकी देऊ नका. आई दर वळणावर देव बदलत होती. तिथून दरीच्या पायथ्याच्या घांगरिया गावाला ती खेचरावर, मी पायी. वाटेत मॅगी आणि राजमा-चावल मिळतं, पण वर जाल तसे भाव चढतात. आम्हाला थेपल्यांनी तारलं.

प्रत्यक्ष दरीत खेचर नेत नाहीत. वाटाड्यासोबत रमतगमत चाललो आणि निळी पॉपी दिसली. असा निळा आमच्या प्रिंटवाल्यांना अजून जमलेला नाही. मी गुडघे टेकून फोटो काढत होते, तेवढ्यात शेजारच्या झुडपापाशी आई ओरडली, "अव माय, कोनी तरी साडीना डायमंड पडना आठे!" वाकडा खडा उचकटावा तसं तिने नख घातलं. डायमंड चालायला लागला.

हिरवा चकचकीत भुंगेरा होता. पानाची त्याने चाळण केली होती.

"फेंक दीजिए माताजी, सब पत्ते खा जाता है," वाटाड्या म्हणाला.

"त्याले बी पोट शे. खाऊ दे."

फुलाचं कौतुक करायला लोक देशभरातून येतात. हा मान खाली घालून पान कुरतडतो, आणि रंगात काही कमी नाही. मला त्याचीच माया आली, त्याचाही फोटो काढला. मी हसत होते, आई मात्र दगडावर बसली.

"इतला वरीस डायमंड लावात. आज माले वळखता नही उना," ती हळूच म्हणाली. मग म्हणाली, "डॉक्टरले हो सांग."

आता एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. पट्टी निघाल्यावर तिला मोबाइलवर फोटो दाखवले. पॉपी तिने भरकन सरकवली, भुंगेरा मोठा करून त्याचे पाय बघितले. मग मान वर करून माझ्याकडे बघतच राहिली.

"पोरी, तुना केस कधी पिकनात?"