परतीचे कलम

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी प्रस्तुत लेखिका, म्हणजे रमाबाई, गिरगावातील प्रौढ साक्षरता वर्गात बसू लागली. तेथे सायंकाळी शिकविण्यास येत त्या वासंती तळपदे. ही हकीकत त्यांची आहे आणि त्यांनी सांगितली तशीच लिहिली आहे.

वासंतीबाई दिवसा रे रोडच्या एका क्रेन कंपनीत हेडक्लार्क होत्या व तेथील कर्मचारी युनियनच्या चिटणीसही होत्या. कंपनीची चाळीस माणसे परदेशातील एका बंदरावर कामाला होती. त्यांत वासंतीबाईंचा एकुलता एक मुलगा उन्मेष होता.

युनियनचा एक नियम होता. ज्याचे घरचे माणूस परदेशी असेल, त्याने कंपनीशी होणाऱ्या परदेश भत्त्याच्या वाटाघाटींत बसायचे नाही आणि त्याविषयी अवाक्षरही काढायचे नाही. पूर्वी एका पुढाऱ्याने आपल्या मेहुण्याचे भले करून घेतले होते, तेव्हापासून हा नियम आला. तो वासंतीबाईंनीच स्वहस्ते लिहिला होता.

यंदाच्या वाटाघाटींच्या दिवशी सकाळी उन्मेषचा फोन आला.

"आई, काल सगळ्यांचे पासपोर्ट जमा करून घेतले. तपासणी आहे म्हणे. आणि शेजारच्या बंदरात जहाजं यायची बंद झालीयत."

"तू जेवलास का रे?" एवढेच त्यांना सुचले.

युनियनचा सहचिटणीस अभिषेक वाटाघाटींना बसणार होता. त्याला हे सांगावे म्हणून त्या निघाल्या, पण बैठकीच्या खोलीच्या दारापाशी त्यांचा पाय अडला. नियम लिहिणारीनेच नियम मोडला, असे लोक म्हणतील. त्या माघारी वळल्या व आपल्या टेबलाशी बसून राहिल्या. बंद दाराआडून हसणे ऐकू येत होते. ते हसणे कंपनीच्या साहेबांचे होते.

दुपारी अभिषेक बाहेर आला तो नाचतच.

"ताई, पेढे मागवा! भत्ता दुप्पट, एका बैठकीत!"

"एक पंखा दुरुस्त करायला सहा महिने लावणारी माणसं ही. दुप्पट का दिलं रे?"

"तुम्हाला बुवा शिऱ्यातसुद्धा खडे लागतात."

"सोडलं काय, ते सांग."

"परतीचं कलम. धोका दिसला तर तीन दिवसांत कंपनीनं माणूस घरी आणायचा, ते. पंधरा वर्षांत कोणाला लागलंय का ते?"

"सही झाली?"

"सही झाली, शिक्काही झाला." मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचा आवाज उतरला. "का? काही होतं का, ताई?"

तेव्हा कोठे त्यांनी सकाळचा फोन सांगितला. अभिषेक म्हणाला,

"सकाळी एक शब्द बोलला असतात, तर मी हात आखडला असता ना हो."



चौथ्या दिवशी उन्मेष फोनवर म्हणाला, "आई, आमचे इथले साहेब काल बायकोमुलांना घेऊन विमानानं गेले. पासपोर्टच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडेच आहे." त्यानंतर त्याचा फोन लागेना.

त्या सायंकाळीही वासंतीबाई वर्गावर आल्या. त्यांनी हजेरी घेतली. वर्गात त्या कोणाला फोन चालू ठेवू देत नसत. परंतु खडू उचलण्यापूर्वी त्यांनी आपल्या स्वतःच्या फोनचा फक्त आवाज बंद केला व तो प्रस्तुत लेखिकेच्या वहीशेजारी ठेवला.

"रमाबाई, मी फळ्याकडे तोंड करून असते. हा उजळला, तर तेवढं मला सांगा."